विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर चालवायचा आहे? मग सुरुवात अशी करा

नाशिकच्या रविवार कारंजाजवळ एक छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पावतीपुस्तकं अशी कामं तिथे होतात. तिथल्या काकू वर्षानुवर्षं एकाच संगणकावर मजकूर जुळवत आल्या आहेत. विंडोज १० चा पाठिंबा बंद झाल्याचं कळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "संगणक बदल म्हणशील तर बदलते बाबा, पण माझं पत्रिकेचं सॉफ्टवेअर गेलं तर मी ऐन लग्नसराईत काय करू?"

त्याच आठवड्यात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये जाणं झालं. तिथे दोन सीएनसी मशीनं (संगणकी प्रोग्रामवर चालणारी कापकामाची यंत्रं) आणि कोपऱ्यात तेलकट कीबोर्डचा जुना संगणक. ऑपरेटर म्हणाला, "दादा, बाकी काही नको. मशीनला प्रोग्राम गेला पाहिजे, बस."

दोघांच्याही संगणकावर मी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकलं. पण काकूंचं सॉफ्टवेअर एका रस्त्यानं चाललं आणि वर्कशॉपचं दुसऱ्याच. रस्ते वेगळे का झाले, ते समजून घेतलंत तर तुमच्या सॉफ्टवेअरचा रस्ता तुम्हाला स्वतःला ठरवता येईल. हा लेख त्यासाठीच आहे. संगणक चालू-बंद करता येतो, पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करता येते, एवढं येत असलं तरी पुरे.

हा प्रश्न आत्ताच का आला

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. घरगुती वापरकर्त्यांनी वेगळी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. सातपूर-अंबडच्या लहान युनिटमध्ये, मेनरोडच्या दुकानांत, क्लासच्या ऑफिसांत असे कितीतरी संगणक आहेत जे या अटीत बसत नाहीत, पण कामाला अजून खणखणीत आहेत. ते भंगारात द्यायचं कारण नाही. लिनक्स मोफत आहे, त्यावर नियमित अपडेट येतात आणि आठ-दहा वर्षं जुन्या मशीनवरही ते नीट चालतं.

अडचण एकच आहे, विंडोजसाठी केलेला प्रोग्राम लिनक्सवर डबल क्लिक केला की आपोआप चालत नाही.

का चालत नाही, आणि कसा चालवता येतो

दोन्हीकडे प्रोसेसर तोच असतो. बेरीज-वजाबाकीच्या सूचना त्याला दोन्हीकडे सारख्याच समजतात. फरक पडतो तो मागण्यांमध्ये. कोणताही प्रोग्राम सगळं स्वतः करत नाही. "ही फाइल उघड", "इथे खिडकी दाखव", "हे अक्षर या फॉन्टमध्ये काढ", "प्रिंटरला हे पान पाठव" अशा मागण्या तो सतत ऑपरेटिंग सिस्टिमकडे करत असतो. विंडोजचा प्रोग्राम या मागण्या विंडोजच्या पद्धतीनं करतो आणि लिनक्सला ती पद्धत माहीत नसते.

इथे वाइन कामाला येतं. वाइन म्हटलं की नाशिककराला गंगापूर धरणाजवळचे द्राक्षमळे आठवणार, आणि या सॉफ्टवेअरच्या चिन्हातही पेलाच आहे. पण हे नाव एका इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं जुळवून केलेलं आहे, आणि "वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे" असा त्याचा अर्थ होतो. ते वाक्य महत्त्वाचं आहे. एम्युलेटर दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करतो आणि त्यात वेग जातो. वाइन नक्कल करत नाही. प्रोग्रामनं विंडोजच्या पद्धतीनं केलेली मागणी ते घेतं आणि लिनक्सच्या पद्धतीनं पुरी करून देतं. म्हणून चालणारा प्रोग्राम बऱ्याचदा मूळच्याच वेगानं चालतो, आणि त्यासाठी विंडोजची प्रत लागत नाही.

हे काम १९९३ मध्ये सुरू झालं. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याचं नेतृत्व करतात. पहिली १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, म्हणजे पंधरा वर्षं. विंडोजच्या मागण्या हजारोंनी आहेत आणि त्यातली प्रत्येक मागणी पुरी करणारा तुकडा कुणीतरी बसून नव्यानं लिहावा लागतो. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीनं वाइनवरच आधारलेलं प्रोटॉन आणलं, आणि त्या कामातल्या कित्येक सुधारणा वाइनमध्ये आल्या. आज वाइन पूर्वीपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे ते त्यामुळेही.

दुसरा रस्ता आभासी मशीनचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा. त्यात लिनक्सच्या आत एक अख्खा खोटा संगणक तयार करतात आणि त्यात खरंखुरं विंडोज टाकतात. जड प्रकरण आहे, पण वाइनला न जमणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिथे होतात.

पहिली पायरी: वही घेऊन बसा

लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवण्याआधी, जुनं विंडोज चालू असतानाच हे काम करा. रोज वापरता त्या प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर पुढच्या गोष्टी लिहा: नाव आणि आवृत्ती, इन्स्टॉल करायची सीडी किंवा सेटअप फाइल कुठे आहे, परवान्याचा क्रमांक, डेटा कोणत्या फोल्डरमध्ये साठतो, संगणकाला काही विशेष वस्तू जोडावी लागते का.

शेवटच्या रकान्यावर सगळं अवलंबून आहे. अनेक व्यावसायिक सॉफ्टवेअरसोबत यूएसबीची छोटी किल्ली येते, तिला आपण डोंगल म्हणतो. ती लावली नाही तर प्रोग्राम उघडतच नाही. काकूंच्या संगणकाच्या मागे अशी एक किल्ली होती, धुळीनं माखलेली. ती तिथे आहे हे त्या स्वतःही विसरल्या होत्या, कारण बसवल्यापासून कुणी काढलीच नव्हती. संगणकाच्या मागे बॅटरी मारून बघा, हे मी उगाच सांगत नाही.

परवान्याचा क्रमांक लिहून न घेता हार्ड डिस्क फॉर्मॅट केल्याचे दोन प्रसंग मी पाहिले आहेत. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर बनवणारा व्यवसाय बंद झालेला होता, विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. म्हणून आधी वही, मग डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघितल्यावरच पुढे.

दुसरी पायरी: खरंच तोच प्रोग्राम लागतो का?

यादीतली निम्मी नावं इथेच कटतात. फायरफॉक्स, क्रोम, व्हीएलसी, जिंप, इंकस्केप हे लिनक्सवर मुळातच आहेत. पत्रं आणि साधे हिशेब लिबरऑफिसमध्ये होतात. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आलेलाच असतो, सेटिंगमधून चालू करायचा. बँकेची आणि बरीचशी सरकारी कामं ब्राउझरमधून होतात.

दोन ठिकाणी सावध राहा. मॅक्रो (फाइलच्या आतच लिहिलेल्या छोट्या आज्ञा) असलेली एक्सेलची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली तरी तिची बटणं चालतीलच असं नाही. करसल्लागारांकडून येणाऱ्या कित्येक फाइली अशाच असतात. आणि डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर टोकनच्या उत्पादकाकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, आणि ज्या पोर्टलवर सही करायची त्याला लिनक्स चालतं का, या दोन्ही गोष्टी आधी बघा. एक असून भागत नाही.

उरलेल्या नावांसाठी वाइनच्या संकेतस्थळावरची ॲपडीबी नावाची यादी बघा. तिथे लोकांनी कोणता प्रोग्राम कसा चालला ते नोंदवलेलं असतं आणि प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, गार्बेज असे दर्जे दिलेले असतात. नुसता दर्जा बघून खूश होऊ नका. नोंद कोणत्या वर्षीची आहे, प्रोग्रामची आवृत्ती तुमचीच आहे का आणि वाइनची कोणती होती, ते वाचा. दहा वर्षांपूर्वीचा "गार्बेज" आज चालू शकतो, आणि जुन्या आवृत्तीला मिळालेला "प्लॅटिनम" नव्या आवृत्तीबद्दल काहीच सांगत नाही. आपल्याकडची मराठी सॉफ्टवेअरं या यादीत फारशी सापडत नाहीत. तिथे स्वतः करून बघण्याला पर्याय नाही.

तिसरी पायरी: जुनं न पुसता लिनक्स करून बघा

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, नवख्या माणसाला मी त्यातलं लिनक्स मिंट सुचवतो. त्याचा पडदा विंडोजसारखाच दिसतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे माणूस बावरत नाही. त्याची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट असलेली एक मोठी फाइल, उतरवून घ्या, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, आणि विंडोजमध्येच रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामनं ती फाइल पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं.

मग संगणक बंद करून चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा. कंपनीप्रमाणे बटण बदलतं. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिंट थेट पेन ड्राइव्हवरून उघडतं. हार्ड डिस्कला अजून हात लागलेला नाही. या अवस्थेत वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर तपासा. मेमरी (रॅम) ८ जीबी असेल तर इथेच वाइन टाकून आपला प्रोग्रामही चालवून बघता येतो. बंद केल्यावर मात्र हे सगळं पुसलं जातं, कारण ते मेमरीतच असतं.

जमेल असं वाटलं की माझा सल्ला असा: जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, नवी छोटी एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) बसवा आणि मिंट तिच्यावर टाका. जुन्या मशीनचा वेग एसएसडीनं डोळ्यांना दिसेल इतका वाढतो, आणि काही बिनसलं तर जुनी डिस्क परत लावून दहा मिनिटांत जिथे होता तिथे येता येतं.

चौथी पायरी: वाइन बसवणं

मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा आणि शोधपट्टीत वाइन हा शब्द रोमन लिपीत टाका. मिंटनं स्वतः तयार केलेलं 'वाइन-इन्स्टॉलर' नावाचं पॅकेज दिसेल, ते घ्या. यात ३२-बिट प्रोग्रामसाठी लागणारे भागही येतात. आपली जुनी सॉफ्टवेअरं बहुतेक ३२-बिट असतात.

आता सेटअप फाइलवर उजवं क्लिक करून ती वाइननं उघडा. पहिल्यांदा थोडा वेळ लागतो. मोनो आणि गेको हवेत का, असं विचारलं तर हो म्हणा. पहिलं डॉटनेटच्या प्रोग्रामना लागतं, दुसरं प्रोग्रामच्या आत वेबपान दाखवायला. पुढचं सगळं विंडोजसारखंच: नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. बसवलेला प्रोग्राम मेनूत वाइनच्या खाली येतो.

या पहिल्या वेळी वाइन तुमच्या होम फोल्डरात एक लपलेला फोल्डर तयार करतं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की तो दिसतो. त्याच्या आत 'ड्राइव्ह सी' आहे, त्यात 'प्रोग्राम फाइल्स', 'विंडोज', सगळं. म्हणजे प्रोग्रामला जी सी ड्राइव्ह दिसते ती प्रत्यक्षात तुमच्या होममधला हा साधा फोल्डर असते. हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या. पुढच्या निम्म्या अडचणी त्यामुळे सोप्या होतात.

या फोल्डराला प्रीफिक्स म्हणतात, आणि प्रत्येक प्रोग्रामला वेगळा प्रीफिक्स द्यावा हे माझं ठाम मत आहे. एका प्रोग्रामसाठी आपण विंडोज एक्सपीचं सोंग घेतो, दुसऱ्याला विंडोज १० हवं असतं. एकासाठी टाकलेला डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार तुकडा, दुसऱ्याला बिघडवतो. सगळं एकाच डब्यात कोंबलं की तीन महिन्यांनी काय कशामुळे बंद पडलं ते कळत नाही. बॉटल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. तेही सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅक रूपात मिळतं. नवी 'बाटली' तयार करा, नाव द्या, प्रकार 'ॲप्लिकेशन' निवडा, आणि आत जाऊन सेटअप फाइल चालवा. डिपेंडन्सीजच्या पानावर मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट, व्हिज्युअल सी++ चे भाग, डॉटनेट एका क्लिकवर बसवता येतात.

बॉटल्स वापरताना हमखास गोंधळ होतो तो असा: प्रोग्राम उघडतो, पण तुमच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइली त्याला दिसतच नाहीत. काही बिघडलेलं नसतं. फ्लॅटपॅक प्रोग्रामला कुंपणात ठेवतं. फ्लॅटसील नावाचं सॉफ्टवेअर बसवा, त्यात बॉटल्स निवडा आणि हवा तो फोल्डर परवानगीच्या यादीत टाका.

मराठी अक्षरं

आपल्या लोकांचं काम अडतं ते इथे, म्हणून थोडं थांबतो.

युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) येण्याआधीचे मराठी फॉन्ट एका युक्तीवर चालायचे. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असत, फक्त त्या जागांवर फॉन्टनं क, काना, रफार अशी चित्रं बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की 'शुभविवाह' च्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची माळ दिसते. लोक घाबरून म्हणतात फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत असते, फॉन्ट नसतो.

म्हणून जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले तुमच्या परवान्याचे सगळे फॉन्ट आधीच कॉपी करून ठेवा. लिनक्समध्ये फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक केलं की बसवण्याचं बटण येतं. वाइनच्या प्रोग्रामला तरीही तो दिसला नाही तर तीच फाइल ड्राइव्ह सीमधल्या 'विंडोज' फोल्डरच्या 'फॉन्ट्स' मध्ये टाका आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

युनिकोड मराठीची परीक्षा वेगळी. प्रोग्राममध्ये हे शब्द टाइप करा: विवाह, स्त्री, कुऱ्हाड, वाङ्मय, दृष्टी, कीर्ती, र्‍हस्व. कुऱ्हाडीतला अर्धा र पापणीसारखा वळतो का, कीर्तीचा रफार शेवटच्या अक्षरावर बसतो का, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते का, ते पडद्यावर बघा आणि मग कागदावर छापून बघा. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक, असं होतं. ग्राहकाच्या मुलीचं नाव पत्रिकेवर चुकलेलं कळण्यापेक्षा हे एक पान वाया गेलेलं परवडलं.

मशीनला प्रोग्राम पाठवणं: अंबडची गोष्ट

वर्कशॉपमधलं सॉफ्टवेअर लहान होतं. मजकुराची फाइल उघडायची आणि सिरीयल पोर्टवरून (यंत्रं जोडायच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीवरून) सीएनसीला पाठवायची, एवढंच त्याचं काम. डोंगल नाही, इंटरनेट नाही. अशा प्रोग्रामला वाइन उत्तम.

त्यांच्याकडे यूएसबीचं सिरीयल करणारी केबल होती. लिनक्सनं ती ड्रायव्हर न मागता ओळखली. तरीही प्रोग्राम म्हणत होता, "पोर्ट उघडत नाही". कारण दोन. एक, मिंटमध्ये सिरीयल पोर्ट वापरायला तुमचं खातं 'डायलआउट' नावाच्या गटात असावं लागतं. मेनूतल्या 'यूजर्स अँड ग्रुप्स' मधून तो गट जोडायचा, आणि लॉग आउट करून पुन्हा आत यायचं. लॉग आउट विसरलात तर काही बदलत नाही. दोन, प्रोग्रामला 'कॉम १' हवा होता आणि वाइननं यूएसबीच्या पोर्टला भलताच मोठा क्रमांक दिला होता. वाइनचा रजिस्ट्री एडिटर (सेटिंगच्या नोंदी बदलायचं साधन) उघडून लोकल मशीन, सॉफ्टवेअर, वाइन अशा वाटेनं 'पोर्ट्स' पर्यंत जायचं. तो कप्पा नसेल तर करायचा. त्यात 'कॉम१' नावाची नोंद करून तिच्यासमोर लिनक्समधला पोर्टचा पूर्ण पत्ता लिहायचा. यूएसबी केबलचा पत्ता बहुधा 'डेव्ह' फोल्डरमधला 'टीटीवाययूएसबी०' असतो. टाइप करताना सगळं रोमन लिपीत; पत्त्यातलं 'डेव्ह' आणि 'टीटीवाय' लहान अक्षरांत, 'यूएसबी' मात्र मोठ्या अक्षरांत. त्यानंतर वाइन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं.

मग वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे आकडे मशीनच्या पॅरामीटरशी तंतोतंत जुळवले. इथे घाई करू नका. अक्षर गळालं तर एक्सचा आकडा बदलतो आणि टूल जॉबमध्ये घुसतं. आम्ही आधी एक बारीकसा प्रोग्राम पाठवला, तोच मशीनकडून परत मागवला आणि दोन्ही फाइली ओळीनं ओळ ताडून बघितल्या. सुरुवातीच्या टक्क्याच्या खुणेपासून शेवटच्या टक्क्याच्या खुणेपर्यंत फरक नव्हता. नंतर टूल वर उचलून ड्राय रन (काही न कापता नुसती चाल), मग सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ), आणि त्यानंतरच खरा जॉब. ऑपरेटर सगळा वेळ फीड होल्डच्या, म्हणजे टूलची चाल थांबवायच्या, बटणावर बोट ठेवून उभा होता. तसंच करायला हवं.

वाइन नको तेव्हा: आभासी मशीन

काकूंच्या डोंगलला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर लागत होता. ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो, आणि वाइन प्रोग्रामच्या मागण्या पुऱ्या करतं; विंडोजचा गाभा तिथे नसतोच. म्हणून डोंगलचं सॉफ्टवेअर वाइनमध्ये बहुतेक वेळा अडतं. अशा वेळी चार दिवस खटपट करत बसू नका, सरळ आभासी मशीनकडे वळा.

व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे आणि सोपंही. आधी संगणकाच्या बायोसमध्ये (संगणक चालू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा. इंटेलवर त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर एसव्हीएम. मग नवं मशीन तयार करा. एकूण ८ जीबी मेमरी असेल तर त्यातली ४ विंडोजला द्या. एकूणच ४ जीबी असेल तर आधी मेमरी वाढवा, नाहीतर दोन्ही बाजू रडत चालतील. विंडोजचा परवाना इथेही लागतो. संगणकासोबत आलेला परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो, तेव्हा त्याच्या अटी वाचून घ्या.

डोंगल आत दिसण्यासाठी लिनक्समधलं तुमचं खातं 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात घाला, पुन्हा लॉग इन करा, आणि मशीनच्या यूएसबी सेटिंगमध्ये ती किल्ली फिल्टर म्हणून जोडा. काकूंची किल्ली आत दिसली आणि सॉफ्टवेअर उघडलं, तेव्हा त्यांनी आधी जुन्या पत्रिकेची फाइल उघडून गणपतीचं चित्र जागेवर आहे ना ते बघितलं.

सगळं जमल्यावर दोन गोष्टी करा. त्या अवस्थेचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे पुढे काही बिघडलं तर या क्षणापर्यंत परत येता येईल. आणि आतल्या विंडोजचं नेटवर्क बंद करा. जुन्या विंडोजला अपडेट मिळत नाहीत, त्याला इंटरनेटवर सोडू नका. फाइलींची देवाणघेवाण सामायिक फोल्डरमधून करा. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर काकू आता लिनक्सच्या ब्राउझरमध्ये उतरवून घेतात, सामायिक फोल्डरमध्ये टाकतात आणि आत विंडोजमध्ये उघडतात. पहिले तीन-चार दिवस त्यांना हे दोन घरांत राहिल्यासारखं वाटलं, मग हात बसला.

डॉसचे प्रोग्राम आणि ॲपलचे संगणक

डॉसवरचं जुनं बिलिंग अजून वापरत असाल तर डॉसबॉक्स-एक्स बघा. मूळ डॉसबॉक्स गेमसाठी केलेलं आहे, एक्स आवृत्तीत छपाईची सोय आहे. विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिट प्रोग्राम आजच्या ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, वाइनमध्ये मात्र त्यातले काही चालतात.

मॅक २०२० च्या अखेरीस किंवा त्यानंतर आलेला आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपचा असेल तर प्रोसेसरच वेगळा आहे. तिथे बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकायची ॲपलची सोय, नाही. क्रॉसओव्हर हे वाइनवर आधारलेलं पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, किंवा पॅरलल्स या आभासी मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये एआरएमसाठीचं, म्हणजे या प्रकारच्या प्रोसेसरसाठीचं, विंडोज टाकता येतं. डोंगलवाल्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी असा मॅक घेऊ नका. डोंगलचा ड्रायव्हर एआरएमसाठी असण्याची शक्यता फार कमी.

काळजी घ्यायच्या गोष्टी

वाइन म्हणजे तिजोरी नव्हे. विंडोजचा व्हायरस असलेली फाइल वाइनमध्ये चालवली तर तीही चालू शकते, आणि वाइन 'झेड' या ड्राइव्हमधून तुमच्या लिनक्सच्या फाइली प्रोग्रामला दाखवतं. वाइनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह्सच्या पानावर जाऊन झेड काढून टाकता येतो. अनोळखी प्रोग्रामसाठी तो काढाच. वाइन कधीही सुडो (सगळे अधिकार देणारी लिनक्सची आज्ञा) लावून चालवू नका. आणि कुणी पेन ड्राइव्हवर दिलेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर इथे आणू नका. त्यात काय दडलंय ते सांगता येत नाही, आणि ते चाललं नाही तर दोष वाइनचा की क्रॅकचा हेही कळत नाही.

प्रोग्राम उघडलाच नाही तर तो टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, चालवा. पडद्यावर ओळींचा पाऊस पडेल. 'फिक्समी' असं लिहिलेल्या ओळी सोडून द्या, त्या बहुधा निरुपद्रवी असतात. 'एरर' च्या ओळीत एखाद्या डीएलएलचं नाव दिसतं का ते बघा. बहुतेक वेळा तोच भाग बॉटल्सच्या डिपेंडन्सीजमधून किंवा वाइनट्रिक्स या वाइनच्या जोडसाधनातून बसवावा लागतो. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा.

जुनी डिस्क किती दिवस ठेवायची

निदान एक महिना रोजचं काम नव्या व्यवस्थेवर करा आणि जुनी डिस्क तशीच ठेवा. महिन्यातून एकदाच लागणारी कामं असतात, पगाराची पत्रकं, जीएसटीची आकडेवारी. ती त्या महिन्यात निघतात. वाइनचा प्रीफिक्स किंवा बॉटल्सची बाटली म्हणजे शेवटी एक फोल्डरच, तो जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला की प्रोग्राम आणि सेटिंगसकट बॅकअप झाला. आभासी मशीनसाठी व्हर्च्युअलबॉक्समधून एक्स्पोर्ट करा, ती एकच मोठी फाइल जपून ठेवा.

काकूंची जुनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून, शाईच्या डब्यांशेजारच्या कपाटात आहे. सोबत ती वही आणि परवान्याचा क्रमांक. डोंगल आता समोरच्या पोर्टला लावलंय, डोळ्यांसमोर राहील असं.